वाळूखालची माती

टोपली डोक्यावर उपडी घालून बेनिल्दे खड्ड्यात उतरली. दोन पुरुष खोल. वरची सगळी वाळू. रामिस्को जातीच्या काळ्या द्राक्षाला मात्र खालची चिकणमाती लागते, तीत मूळ धरलं की वेल शंभर वर्षं हलत नाही. वाळू ढासळलीच, तर वरचा माणूस उकरून काढेपर्यंत टोपलीतल्या हवेवर तग धरायचा. लिस्बनजवळच्या कोलारेशच्या किनाऱ्यावर वेल असेच लावतात.

वर राखणीला धाकटा दीर बसला होता, आदेलिनो. वरच्यानं वाळूवरून नजर हलवायची नाही आणि तोंड बंद ठेवायचं नाही, म्हणजे खालच्याला धीर राहतो. दुसरं कोणी मिळालंच नाही. गावातले खणणारे सगळे बंगल्यांच्या बांधकामावर. आदेलिनोला हा तुकडाही बंगल्यांसाठीच विकायचा होता. नवरा गेल्यापासून ती सही देत नव्हती. सासऱ्यानं लिहूनच ठेवलं होतं, थोरल्यामागे त्याचा वाटा सुनेचा, आणि ती नि धाकटा यांतलं एक गेलं की सगळं दुसऱ्याचं.

“वहिनी, अजून विचार करा,” वरून आवाज आला. “लिस्बनला छान खोली घ्याल. या वयात उंदरासारखं बिळात शिरायची हौस कसली?”

“तुमच्या भावानं लावलेले वेल वाळलेत, भावजी. त्यांची जागा भरून काढल्याशिवाय मी हलायची नाही.”

“दादाचंही डोकं असंच फिरलेलं.”

“गेलेल्या माणसाला नावं ठेवू नका. वाळू बघा!”

“बघतोय की. तुमच्यापेक्षा वाळू बरी, ऐकते तरी.”

तिला हसू आलं. वाकून तिनं वेलाची काडी ओल्या मातीवर आडवी ठेवली. मग ध्यानात आलं, वर कोणी बोलत नाही.

“भावजी?”

टोपलीवर बारीक वाळू सांडली. तिनं वर पाहिलं. काठावर कोणीच नव्हतं. मेल्याला मीच बोलावलं, माझ्या पायांनी खाली उतरले! एवढं मनात येतंय तोवर भिंत कोसळली.

अंधार. हात जागच्या जागी रुतलेले, छातीवर ओझं. तिनं दिराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, एकही शिल्लक ठेवली नाही. शिव्या संपल्यावर ती रडली.

मग टोपलीवर काहीतरी खरखरलं. फावडं नव्हतं. बोटं होती.

आदेलिनोनं तिला काखेत धरून ओढून वर काढलं. दोघंही धापा टाकत वाळूवर बसली.

“पलीकडच्या काठाला भेग दिसली,” तो म्हणाला. “आधाराला फळी आणायला धावलो. ओरडलो असतो तर तुम्ही हलला असता नि वाळू तेव्हाच ढासळली असती. पण नाही पोचलो वेळेवर.”

“मला वाटलं...”

“ठाऊक आहे काय वाटलं ते.”

त्याची नखं उलटली होती. तिच्याकडे न बघता त्यानं टोपली झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली.

“काडी खालीच राहिलीय.”

“राहू दे हो! उद्या बघू.”

“उद्यापर्यंत वाळूखाली गुदमरेल ती. वर बसा, बोलत राहा.”

“आणि गाडले गेलात म्हणजे?”

“मग काय, सगळं तुमचंच.”

तो उतरला.

“मला नकोय!” ती किंचाळली. काठावर पालथी पडून, वाळूवर डोळे रोखून, सुचेल ते बोलत सुटली. खालून त्यानं दोनदा “पुरे, वहिनी” म्हटलं, तरी ती थांबली नाही.