पायाची रेघ

सदर भागात गॅरेज चालवणाऱ्या प्रेमानंदचे कान गेले, तेव्हा गल्लीतले लोक हळहळले ते त्याच्यासाठी कमी आणि आपापल्या गाड्यांसाठी जास्त. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवताना हा माणूस डोळे मिटून बोनेटवर वाकायचा आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय, ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. जन्मभर इंजिनाला कान लावल्याचं बक्षीस म्हणून शेवटी कानात मशीन आलं. त्यातून समोरच्या माणसाचं बोलणं, ओठ पाहत राहिलं तर, कळायचं. इंजिनाचं मात्र नुसतं घोंघावणं.

गॅरेज आता त्याची मुलगी दीप्ती बघते. तिचं काम लॅपटॉपवर. प्रेमानंदने त्या लॅपटॉपकडे पाहून भरपूर नाक मुरडलं होतं. पण तिने घरच्या जुन्या पेट्रोल जीपचा कार्ब्युरेटर काढून तिथे पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आणि छोटासा कॉम्प्युटर बसवायला घेतला, तेव्हा हाच बाप मुकाट्याने तिला पाने काढून देत बसला.

उरलं होतं इंधनाचं कोष्टक. म्हणजे त्या कॉम्प्युटरातलं चौकोनांचं जाळं. इंजिन किती जोरात फिरतंय आणि त्याच्यावर ओझं किती आहे, त्याप्रमाणे एकेका चौकोनात पेट्रोलचा एकेक आकडा. आकडे आधी अंदाजाने भरायचे, मग गाडी रस्त्यावर फिरवायची. कॉम्प्युटर सगळा प्रवास नोंदवून ठेवतो आणि त्या नोंदी पाहून आकडे सुधारायचे.

"गाडी तुमी चालवा बाबा," दीप्ती म्हणाली. "मी लॅपटॉप घेऊन बाजूले बसतो."

प्रेमानंदने किल्ली घेतली खरी. त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण अंदाजाचे आकडे भरून जीप चालू लागल्यापासून तिने सेमिनरी हिल्सचा चढ चढताना त्याचा उजवा पाय दगा द्यायचा. जिन्याची पायरी चुकावी तसं पावलाखाली काहीतरी निसटायचं, आणि पाय आपोआप उचलला जायचा. कान गेले, आता पायाची पाळी, असं त्याने मनाशी धरलं होतं. पोरीला सांगावं तर ती रामदासपेठेतल्या एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरवत राहणार. त्यापेक्षा ही एवढी फेरी करू आणि स्टेअरिंगला कायमचा रामराम ठोकू.

निघताक्षणी त्याने सवयीने भुर्र भुर्र रेस दिली. जुन्या काळी गाडी अशीच तपासायचे.

"अहो बाबा!" दीप्ती त्याच्यासमोर हात नाचवत ओरडली. "असं नाही चालत. पाय एकसारखा ठेवा, तवाच चौकोन भरते!"

मग तो परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसून चालवत राहिला. चढ आला. पाय निसटला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा निसटला. तो समोर रस्त्याकडे बघत राहिला आणि मुलीने पाहिलं नसेल अशी आशा करत राहिला.

पण कॉम्प्युटरने पाहिलं होतं. गॅरेजमध्ये परतल्यावर पडद्यावर दोन रेघा उमटल्या. निळी त्याच्या पायाची, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला त्याची; लाल, इंजिनाला पेट्रोल पुरतंय की नाही याची. चढावर निळ्या रेघेला बारीक बारीक खाचा पडल्या होत्या.

"चढावर पाय काहून हालवून राहिले तुमी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. प्रेमानंदने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "पाय गेला वं माझा. मले आता गाडी नको देत जाऊ."

दीप्तीने किल्लीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग तिने त्या दोन रेघा ताणून मोठ्या केल्या, इतक्या की एक क्षण अख्ख्या पडद्यावर पसरला. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, इकडे पाहा न. लाल रेघ आधी पडली. निळी मागून." तिने पुढची खाच काढली. "इथंबी तसंच. अन् इथंबी."

"मंग?"

"मंग काय! लाल रेघ तर उशिराच सांगते. तिचा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत हाये, धूर तिथवर पोचला की तिले कळते. म्हणजे इंजिन त्याच्याबी आधी उपाशी पडलं. माझे आकडे चुकले तिथं. तुमच्या पायाले ते कळलं म्हणून तो उचलला." तिचा आवाज कापरा झाला, तो त्याला ऐकू आला नाही, ओठांवर दिसला. "पाय नाही गेला बाबा. पायानं ऐकलं."

प्रेमानंद पडद्यावर वाकला. इतकी वर्षं जे फक्त त्याला एकट्याला ऐकू यायचं, जे तो कोणाला समजावून सांगू शकला नव्हता, ते समोर पडद्यावर रेघ होऊन पडलं होतं. इंजिन अडखळलं, आणि लगेच तो. पुन्हा इंजिन, पुन्हा तो. एवढ्याशा क्षणात केवढं काय काय घडून जात होतं! त्याने ऑइलने माखलेलं बोट त्या खाचेवर ठेवलं. पडद्याला कोणी हात लावला तर आकाशपाताळ एक करणाऱ्या दीप्तीने तो पडदाच त्याच्याकडे सरकवला.

तिने त्या चौकोनांत पेट्रोल वाढवलं, किल्ली पुन्हा त्याच्या हातात दिली आणि दोघं निघाले. चढ आला. प्रेमानंद श्वास रोखून बसला. पावलाखाली काही निसटलं नाही. जीप लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. डोळे भरून आले म्हणून त्याने ते बाहीने पुसले.

फुटाळा तलावाकडे वळल्यावर पुढच्या गिअरमध्ये तो एकदम म्हणाला, "इथं! इथं उपाशी हाये."

दीप्तीने पडद्यावर पाहिलं. लाल रेघ आत्ता कुठे खाली येत होती, अजून हात न लावलेल्या एका चौकोनात. तिने आकडा टिपला, आणि मग उरलेल्या सगळ्या रस्त्यावर ती पडद्याकडे कमी आणि बापाच्या जुन्या चपलेतल्या पायाकडे जास्त बघत राहिली.

गॅरेजपाशी गाडी उभी राहिली. तिने हात पुढे केला. "द्या, किल्ली ठेवून देतो. तुमाले आता गाडी नको न?"

प्रेमानंदने तिचे ओठ स्वच्छ पाहिले. मग कानातल्या मशीनवर टिचकी मारली, काही ऐकू येत नसल्यासारखी मान हलवली आणि किल्ली खिशात टाकली.