नाकावरचे काळे ठिपके

शिवणकाम करणाऱ्या बाईला खोट बघवत नाही. टीप वाकडी गेली की उसव, डाग दिसला की घास. लेकीच्या नाकावर बारीक काळे ठिपके दिसले, तेव्हाही तिचे हात शिवशिवले. सोमवारपासून पोरगी चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागणार होती, दिवसभर लोकांसमोर उभी राहणार होती.

"मळ साठलाय नुसता. तोंड नीट धुवायला काय होतं गं तुला?" शनिवारी तिनं लेकीला खिडकीशी बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक ठिपका टोकरून काढला. पोरगी कळवळली. "नखरे पुरेत," आई म्हणाली.

रविवारी सकाळी नाक टम्म फुगलं. दुपारपर्यंत लाली गालावर पसरत डोळ्याखाली पोचली, ताप भरला, पापणी उघडेना. डोळा गेला तर? दवाखाना येईपर्यंत तिला दुसरं काही सुचलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पापणी उचलून बघितलं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"हे कुणी केलं?"

"मीच. नखानं," लेक पटकन म्हणाली.

आईनं नजर जमिनीकडे वळवली.

"अगं, तो मळ नव्हताच. छिद्रात तेल नि मेलेली कातडी अडकते, वरून हवा लागून ते काळं पडतं. दोन वेळा सौम्य साबणानं, न घासता तोंड धुवायचं, रोज मलम लावायचं. दोन-तीन महिन्यांत कमी झालं असतं. आता हे इन्फेक्शन डोळ्यात उतरायला नको." त्यांनी कागदावर औषध लिहिलं आणि त्या थांबल्या. "नक्की नखच ना? त्यावर औषध ठरतं."

लेक बावचळली. तिचे तर डोळे मिटलेले होते.

"टाचणी होती," आई म्हणाली. आपलाच आवाज तिला ओळखू येईना. "मी केलं. आणि टाचणी तोंडात धरत होते, शिवताना धरते तशी. एक ठिपका झाला की परत दातात."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. लिहिलेलं औषध खोडून त्यांनी दुसरं लिहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आईला वाटलं.

लेकीला भरती करून सलाईन लावलं. नर्सबाईंनी लालीच्या कडेनं पेनानं रेघ ओढली. "याबाहेर गेली तर लगेच हाक मारा, काकू."

आई रेघेवर नजर लावून बसली. चहा आला, तो गार झाला. लाली रेघेला टेकलेलीच होती. कधी ती सरकल्यासारखी वाटायची, की आईचा जीव खालीवर व्हायचा.

सोमवारी सकाळी नर्सबाईंनी वाकून बघितलं. "उतरतेय. डोळा वाचला."

आईला रडू फुटलं. लेकीच्या कपाळावरचे केस सारायला तिनं हात पुढे केला. लेकीनं चांगला डोळा उघडला, जवळ येणारा हात बघितला आणि झटकन तोंड भिंतीकडे वळवलं.