गामदोलवालीचं पाणी

"अकराला ओहोटी," बोटांची पेरं मोजत आई न अडखळता म्हणाली आणि मि-सुनचा जीव भांड्यात पडला. झालं समाधान, अशा नजरेनं तिनं धाकट्या भावाकडे पाहिलं. ग्वांग-हो गाडीत टोपल्या ठेवत होता.

हिवाळ्यात आई दोनदा शेगडीवर भांडं विसरली होती. एकदा तर शेजारणीच्या घरात, आपलंच समजून, जाऊन झोपली. ग्वांग-होनं शहरातला एक वृद्धाश्रम पाहून ठेवला. मि-सुन त्याच्याशी कडाकडा भांडली. शेवटी काल दोघांनी स्वयंपाकघरात कुजबुजत ठरवलं की दर वसंतात आपण शिंपल्या काढायला जातो, तेव्हा पाण्याची वेळ आईच सांगते, तशी यंदाही सांगू दे. बरोबर निघाली तर आई याच घरात राहील आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. चुकली तर मि-सुननं हट्ट सोडायचा. पाण्याची वेळ बघायला फोनमध्ये कुणी डोकावायचं नाही.

मि-सुनला भीती नव्हती. सोल्गे गावच्या बायकांना तीस वर्षं चिखलात नेऊन सुखरूप परत आणणारी बाई ती! लग्न होऊन लांबच्या पश्चिम किनाऱ्यावरून इथं दक्षिणेला आली, म्हणून गाव तिला माहेरगावाच्या नावानं ओळखायचं, गामदोलवाली. माल-र्ये हे तिचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक. सासूनं आपलं खुरपं तिच्या हाती दिलं ते बजावून. "ज्या दिवशी तुझं पाणी चुकेल, त्या दिवशी हे पुढच्या हातात द्यायचं. चुकीच्या मोजणीवर बायका समुद्रात न्यायच्या नाहीत." म्हातारी नुसती बोलणारी नव्हती. तिचं स्वतःचं पाणी अर्ध्या तासानं चुकलं, त्याच संध्याकाळी तिनं खुरपं सोडलं होतं.

शेवाळात वळलेल्या भाताच्या किंबाप गुंडाळ्या, उकडलेली अंडी, मुळ्याची किमची असा डबा घेऊन तिघं निघाले. आई खुशीत होती.

"ग्वांग-हो, ते पोट सांभाळ रे बाबा. चिखलात रुतलास तर मला ट्रॅक्टर मागवावा लागेल."

"तुझ्याच हातचं खाऊन सुटलंय ना!"

"माझ्या नावावर खपवू नकोस. तू बायकोच्या हातचं खातोस."

मि-सुन पोट धरून हसली. कित्येक महिन्यांनी अशी हसत होती. बंधाऱ्याचं वळण आलं आणि तिचं हसू ओठांवरच राहिलं.

समुद्र काठोकाठ भरला होता. दगडी पायऱ्यांपैकी वरच्या तीनच दिसत होत्या. शेवाळ वाळत घालणारी शेजारीण ओरडली, "गामदोलवाली, आज इतक्या लवकर? पाणी तीन वाजता सुकेल की!"

"माझीच घाई नडली," मि-सुन पटकन म्हणाली. "मीच सगळ्यांना लवकर काढलं."

"आणि हल्ली समुद्राचं तरी काय खरं आहे?" ग्वांग-हो म्हणाला. "हवामानच बदललंय." वृद्धाश्रम शोधणारा हाच, आणि आता आईसाठी समुद्रावर आळ घेत होता. मि-सुनच्या मनात त्याच्याबद्दल माया दाटून आली.

आई पाण्याकडे बघत राहिली.

"अकरा ही गामदोलची वेळ," ती हळूच म्हणाली. "तिथं आत्ता कोरडं असेल. माझी आई टोपली घेऊन उतरली असेल." मग स्वतःच थांबली. "उतरायची. आता कुठली आई? साठ वर्षं इथलं पाणी मोजलं गं, आणि आज बोटं आपोआप माहेरी गेली. मला कळलंसुद्धा नाही."

डबा उघडला. तिघांनी बंधाऱ्यावर बसून खाल्लं. भूक कुणालाच नव्हती, पण आईनं रांधलेलं टाकायचं कसं? आईनं अंडी सोलून दोघांना दिली, लहानपणी द्यायची तशी.

तीनला पाणी हटलं. काळा चिखल दूरवर उघडा पडला. मि-सुननं आईचे रबरी बूट पुढे ठेवले. आईनं ते घातले नाहीत. तिनं टोपलीतलं खुरपं काढलं, पदरानं पुसावं तसं जाकिटाच्या कडेनं पुसलं आणि मि-सुनच्या मांडीवर ठेवलं.

"आई, हे काय?"

"आपल्या स्वयंपाकघराची भिंत पातळ आहे. काल काय ठरलं ते मी ऐकलंय."

"ते रद्द!" मि-सुन रडू लागली. "ग्वांग-हो, सांग ना तिला!"

"रद्द, आई. शपथ. तू कुठेही जायचं नाहीस."

"तुमचं ठरलेलं तुम्ही रद्द कराल," आई म्हणाली. "माझ्या सासूचं कसं कराल? पेरण्या आटोपल्या की न्या मला शहरात. आता उतरा, पाणी थांबत नसतं."

दोघं उतरले. चिखल थंडगार होता. मि-सुन ओणवी होऊन खुरपं चालवत होती, शिंपल्या खुळखुळत टोपलीत पडत होत्या, आणि दर थोड्या वेळानं तिची मान वर जात होती. लहानपणापासूनची सवय. परतायची वेळ झाली की बंधाऱ्यावरून किंवा चिखलातून आई हात वर करायची, मग मि-सुन निघायची. पाणी कधी फिरतं हे तिनं स्वतः कधी पाहिलंच नव्हतं.

तिनं पुन्हा वर पाहिलं. आई समुद्राकडे पाठ करून बसली होती.