न वाजण्याचे सुख

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे आणि ज्या दुपारी मला कुणीच वाजवत नाही, त्या दुपारी माझ्यासारखी सुखी मीच. तुम्हाला नवल वाटेल. घंटीचा जन्म वाजण्यासाठीच असतो, असे मीही एके काळी मानत होते.

ओतकामाच्या कारखान्यात मी घडले. उपड्या वाटीसारखे अंग, आत इवलीशी हातोडी आणि डोक्यावर बटण. मला पॉलिश करणाऱ्या कारागिराने एकदाच वाजवून पाहिले आणि तो म्हणाला, "आवाज गोड आहे हिचा." ते कौतुक मी अजून जपून ठेवले आहे, कारण पुढे फारसे वाट्याला आले नाही. एका हॉटेलच्या काउंटरवर माझी नेमणूक झाली. किल्ली हवी, दाब बटण. बॅग उचलायला माणूस येत नाही, दाब बटण. माझ्यापर्यंत येणारे प्रत्येक बोट वैतागलेले असे. विजेची घंटी आली तशी मी अडगळीत पडले आणि तिथून जुन्या सामानाच्या दुकानात गेले.

एका शिंपीमास्तरांनी मला तिथून उचलले. पण त्यांची गिऱ्हाइके दारातूनच हाका मारत आत शिरत. मग पंख्याच्या वाऱ्याने कोटाचे कागदी नमुने उडू नयेत, म्हणून मला त्यांच्यावर ठेवले. एवढीच माझी किंमत.

त्या शिवणखोलीत चार माणसे. कापणीच्या टेबलाशी मास्तर, मशीनवर त्यांची सून, काजे-बटणे करणारी मावशी आणि तुरपाई करणारी मास्तरांची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. आक्कांची तुरपाई उजेडात धरली तरी दिसत नसे. पण वय झाले, बोटे आखडली, सुई धरवेना. तरी त्या रोज येऊन कोपऱ्यात बसत आणि रिकाम्या हातांकडे बघत. मला ते बघवत नसे. बिनकामाचे बसणे काय असते, हे मी अनुभवले होते.

दुपारी मशीन बंद ठेवून सगळे हातशिलाई करत. सून म्हणाली, "आक्का, तुमचा आवाज छान आहे. आम्हाला वाचून दाखवा ना." आक्कांच्या चेहऱ्यावर हसू आले. दुसऱ्या दिवशी त्या घरातला सर्वांत जाड ग्रंथ घेऊन आल्या.

नाव मोठे, लक्षण खोटे. त्या ग्रंथात एका सरदाराचे घराणे होते. पणजोबांपासून सुरुवात झाली आणि सरदार काही जन्माला येईना. पण आक्कांच्या वडिलांची शिकवण होती की ताटातले टाकू नये आणि सुरू केलेले पुस्तक सोडू नये. सुनेच्या जांभया सुरू झाल्या. एके दिवशी मावशीने मांडीवरची गिऱ्हाइकाची पँट पेंगता पेंगता आपल्या अंगावरच्या कपड्यालाच शिवून टाकली. ती चहाला उठली, तर पँटही तिच्याबरोबर निघाली.

सगळे हसले, मास्तर मात्र हसले नाहीत. "उद्यापासून वाचन बंद," ते म्हणाले.

आक्कांनी ग्रंथ मिटला. "मग मीही घरीच थांबते. इथं आता माझं काय काम?"

घरी आक्का दिवसभर एकट्या असत, हे सगळ्यांना ठाऊक होते. सुनेने उठून नमुन्यांवरून मला उचलले आणि सर्वांच्या मधोमध ठेवले. "मामंजी, एक आठवडा द्या. कंटाळा येईल त्यानं ही वाजवायची. वाजली की पुस्तक बंद. कारण विचारायचं नाही."

"अगं, मोठमोठ्या विद्वानांनी वाखाणलेला ग्रंथ आहे हा," आक्का दुखावून म्हणाल्या.

"त्यांना काजं करायची नव्हती, आक्का," मावशी म्हणाली.

मास्तरांनी आठवडा दिला. दुसऱ्या दिवशी सरदाराच्या आजोबांचे लग्न सुरू झाले. मावशीचा हात माझ्यापर्यंत यायचा आणि आक्कांकडे बघून मागे फिरायचा. माझा जीव टांगणीला लागला. मी वाजले तर आक्का दुखावणार, न वाजले तर वाचन बुडणार. एवढ्यात वाचता वाचता आक्कांनाच भली मोठी जांभई आली. त्या थांबल्या, त्यांनी माझ्याकडे बघितले आणि आखडलेल्या बोटाने स्वतःच माझे बटण दाबले.

"बाबांनाही हा ग्रंथ वाचताना कंटाळाच आला असणार," त्या म्हणाल्या. "बिचारे बोलले नाहीत." आणि त्या पोरीसारख्या हसत सुटल्या. माझा आवाज गोड आहे, हे मला त्या दिवशी पुन्हा पटले.

पुढच्या दोन पुस्तकांचीही तीच गत झाली. मग आक्कांनी आणले शेकडो वर्षांपूर्वीचे एक पुस्तक. 'अभिजात' हा शब्द ऐकूनच मावशीचे धाबे दणाणले. ती माझ्या अगदी जवळ सरकून बसली. पण ती निघाली एका हट्टी धोबिणीची गोष्ट. राजाने धुलाईचे पैसे बुडवले म्हणून तिने त्याचा अंगरखा अडवून ठेवला आणि उघड्या राजाला खटल्यासाठी त्याच्याच दरबारात खेचले. मावशी इतकी हसली की दोरा तुटला. सुनेची सुई हवेतच राहिली. आणि तरीही काम भरभर होई, कारण जांभया थांबल्या होत्या.

आठवड्याच्या शेवटच्या दुपारी मास्तर गळ्यात टेप घालून आमच्याजवळ आले. त्यांनी माझ्याकडे हात नेला. आक्का वाचता वाचता थबकल्या. मास्तरांनी टाचण्यांची उशी उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवून दिली.

"चुकून कुणाचा धक्का लागायचा," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. "हं, आक्का. मग राजा काय म्हणाला?"

मित्रांनो, कंटाळवाणे पुस्तक खुशाल मिटा, त्यात पाप नाही. पण पुस्तक जुने आहे एवढ्यावरून माझ्याकडे हात नेऊ नका. आधी त्याला एक दुपार द्या. आणि ही टाचण्यांची उशी तेवढी एवढ्यात उचलू नका. राजाची साक्ष अजून व्हायची आहे.