भरलेल्या फ्रीजची लाज

मित्रांनो, दार उघडलं की ज्याच्या पोटात आपोआप दिवा लागतो, त्याला आयुष्यात काही लपवता येत नाही. मी असाच एक जुना फ्रीज आहे. शेजारचं कपाट माझ्याहून म्हातारं आहे, त्याची एक बिजागरी निखळलेली आहे, पण ते मजेत असतं, कारण त्याच्या आत काळोख असतो. रिकामं असलं तरी पटकन कळत नाही. मी रिकामा असलो की तो रिकामेपणा उजळून दाखवायची सोय कारखान्यातच करून दिलेली आहे. ज्या इंजिनिअरने ती केली, त्याच्या घरचा फ्रीज कायम भरलेला असणार.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे एक माझ्यासारखाच, मागे एक माझ्यासारखाच. एकाने दार बसवलं, एकीने दाराचं रबर दाबलं, आणि शेवटच्या माणसाने पाठीवर थाप मारून "चला, पुढचा" म्हटलं. पहिलं कौतुक ते. मग दुकान, मग टेम्पो, मग एका इमारतीचे अरुंद जिने. उचलणाऱ्यांनी वाटेत मला जी विशेषणं लावली, ती मुलांच्या वाचनात न आलेली बरी.

मला घरी आणलं आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते. समारंभाच्या एका मोठ्या हॉलमध्ये ते वाढप्यांचे मुख्य होते. काळा कोट, पांढरे हातमोजे, आणि पाण्याचा ग्लास अर्धा व्हायच्या आत भरायची घाई. मुलाचं लग्न ठरलं तसं त्यांनी मला घेतलं. "सून येणार आणि घरात साधा बर्फ नाही, हे बरं दिसत नाही," असं ते दुकानदाराला म्हणाले होते.

ते दिवस माझ्या मानाचे होते. वरच्या मजल्यावरची काकू तिचं औषध माझ्यात ठेवायची. उन्हाळ्यात अख्ख्या इमारतीचा बर्फ मी जमवायचो. लोक म्हणायचे, फ्रीज असावा तर असा. मी फुगलो. खरोखरच फुगलो, आतला बर्फ सुरीने खरवडून काढावा लागायचा.

पुढे मुलगा एका बेकरीची गाडी चालवायचा, ती बेकरी बंद पडली. तो मिळेल तिथे माल उतरवायला जाऊ लागला. सून लॉन्ड्रीत इस्त्री करायची, तिचे तास निम्मे झाले. माझ्या पोटात हळूहळू पाण्याच्या बाटल्या, नातीचं नेलपॉलिश आणि एक अर्धं लिंबू एवढंच उरलं. ते लिंबू इतकं जुनं झालं की आमचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. सून संध्याकाळी आल्यावर म्हणायची, "मला वाढू नका, मी लॉन्ड्रीतच खाऊन आले." लॉन्ड्रीत इस्त्रीशिवाय काही गरम नसतं, हे मलाही माहीत होतं.

नात शाळेतून आली की माझं दार उघडून उभी राहायची. बघायची. बंद करायची. थोड्या वेळाने पुन्हा उघडायची. मधल्या काळात मी काहीतरी केलं असेल, या आशेने. मित्रांनो, तेव्हा मला वाटायचं, हा दिवा एकदाचा जळून जावा.

एका संध्याकाळी सुनेने एक सरकारी अर्ज आणला. ज्या घराचं उत्पन्न कमी, त्या घराला सरकार एक कार्ड देतं. त्यात दर महिन्याला थोडी रक्कम जमा होते आणि त्यावर फक्त खाण्याच्या वस्तू घेता येतात. कार्ड मिळणार की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं. घरात पैसे किती येतात, आणि एका घरात एकत्र जेवणारी माणसं किती. माणसं जास्त असतील तर उत्पन्नाची मर्यादाही वर सरकते. पगाराची चिठ्ठी, भाड्याची पावती आणि बेकरीचं पत्र असं सगळं तिने माझ्या डोक्यावर रचून ठेवलं होतं. माझं डोकं कामाला येण्याची ती पहिलीच वेळ.

"बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा," ती आजोबांना म्हणाली.

"कशाला?"

"घरातली माणसं लिहायची आहेत."

"माझं लिहू नकोस."

"अहो, पण तुम्ही घरातच आहात ना."

"पंखाही घरातच आहे. त्याचं लिहिणार आहेस का?"

मुलगा म्हणाला, "बाबा, उगाच फाटे फोडू नका. पंखा जेवत नाही."

"मी तरी कुठे जेवतो? चहात पाव बुडवतो. त्यातला निम्मा चहातच विरघळतो." मग आजोबांचा आवाज खाली आला. "जन्मभर मी लोकांना वाढलं रे. आता कुणीतरी मला वाढतंय, असं कागदावर नको. तुम्ही तिघं घ्या. मला धरू नका."

मुलाने वडिलांकडे पाहिलं, मग उगाचच माझ्याकडे पाहिलं, आणि तीनच नावं लिहिली.

काही दिवसांनी कार्यालयातून फोन आला. तीन माणसांच्या मानाने उत्पन्न मर्यादेच्या किंचित वर जातंय, तेव्हा एक बाई घरी येऊन खात्री करतील आणि मग ठरवतील. सुनेने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. नात म्हणाली, "म्हणजे कार्ड मिळणार?" सून म्हणाली, "बघू."

आजोबांनी मात्र त्या फोनमधला एकच शब्द उचलला. घरी कुणीतरी येणार.

मित्रांनो, आता जे सांगतो ते सांगताना माझा कॉम्प्रेसर जड होतो. ज्या दुपारी त्या बाई यायच्या होत्या, त्या दुपारी मुलगा कामावर होता, सून अजून लॉन्ड्रीत होती, आणि आजोबांनी मला सजवायला घेतलं. हॉलमध्ये त्यांचा एक नियम होता. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत टेबल भरलेलं दिसलं पाहिजे. सॅलड संपत आलं की ते परातीत वाडगा पालथा घालायचे आणि त्यावर उरलेली काकडी रचायचे. लांबून डोंगर दिसायचा. तोच डोंगर त्यांनी माझ्या पोटात उभा केला. घरातले सगळे वाडगे पालथे घातले. भाजीवाल्याने काढून टाकलेली कोबीची वरची पानं धुऊन त्यांवर पसरली. प्रत्येक डोंगराच्या टोकाला एकेक टोमॅटो. वरच्या काकूकडून "पाहुणे यायचेत" असं सांगून लोणी, चीज, अंडी आणि दूध आणलं आणि ते दारात मांडलं. लिंबाची कापलेली बाजू त्यांनी भिंतीकडे केली. मग हातमोजे घातलेला माणूस मागे सरकून जसं पाहतो, तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता कसं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज मदतीचा, आणि मी नटून उभा. पण आम्हाला तोंड नसतं, फक्त दार असतं.

सून आली, मागोमाग त्या बाई आल्या. साध्या होत्या, जिना चढून दमल्या होत्या. त्यांनी खुर्चीत बसता बसता म्हटलं, "थोडं पाणी मिळेल का?"

एवढंच. माझ्याविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. माझ्यातल्या बाटल्या डोंगरांना जागा करायला बाहेर गेल्या होत्या, आणि पाण्याचा माठ कोपऱ्यात होता. पण आजोबा झेपावले ते माझ्याकडे, आणि त्यांनी दार पार भिंतीपर्यंत उघडलं. दिवा लागला. लागणारच.

बाईंनी पाहिलं. सुनेनेही पाहिलं, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"ताई, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "अर्जात खर्च भागत नाही असं लिहिलंय. मग हे सगळं कुठून येतं?"

"आमचा धाकटा पाठवतो," आजोबा म्हणाले. "बाहेरगावी असतो. मोठ्या पगारावर."

धाकटा नव्हताच. या घरात धाकटा म्हणावा असा फक्त मिक्सर होता.

बाईंनी पेन उघडलं. "दर महिन्याला पाठवतात?"

"न चुकता."

"म्हणजे तेही उत्पन्नात धरावं लागेल, आजोबा. नाव काय त्यांचं?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावरच्या कंपनीच्या नावाची निम्मी अक्षरं कधीच गळून पडली होती, त्यामुळे माझा काही उपयोग झाला नाही. "नाव," ते म्हणाले, "नाव जरा मोठं आहे."

तेवढ्यात दारातून वरची काकू आली. "अगं, पाहुणे आले वाटतं. असू दे, मी बसत नाही. फक्त माझी दोन अंडी दे, पोरगा खोळंबलाय. बाकी लोणी, चीज, दूध सावकाश पाठव." आणि ती सवयीने माझ्याकडे आली. अंडी उचलताना तिचा कोपर वरच्या डोंगराला लागला. पानं घसरली, टोमॅटो गडगडत खुर्चीखाली गेला, आणि पालथा वाडगा दिव्याच्या उजेडात उघडा पडला.

अशा वेळी नेमकी माझी मोटर सुरू होते आणि मी घरघरायला लागतो. माझी अक्कल तेवढीच.

"मॅडम," सून म्हणाली. ती आजोबांकडे पाहत नव्हती. "धाकटा कुणी नाहीये. हे आमचं काहीच नाहीये. बाबांना वाटलं, घरी कुणी येतंय तर..." काकूसमोर अर्जाची गोष्ट निघाली, याने तिचे कान लाल झाले होते. "आम्ही खाण्याच्या कार्डासाठी अर्ज केलाय, काकू," ती म्हणाली. हे वाक्य तिने उलटी आवरावी तसं आवरून धरलं होतं, आणि ते सुटलं.

काकूने अंड्यांकडे पाहिलं, मग लोण्याकडे. "अगं बाई. मग मला विचारायचंस ना. त्या कार्यालयात सकाळी लवकर जायचं, दुपारी रांग वाढते." ती जराशी घुटमळली. "हे लोणी, दूध, सगळं त्याच कार्डाचं आहे. मी काही सांगत नाही कुणाला. दुकानात पण पिशवी झाकून नेते."

म्हणजे, मित्रांनो, सरकारी मदत नको असं दाखवायला माझ्या दारात जे मांडलं होतं, ते सगळं सरकारी मदतीचंच होतं. आणि इतकी वर्षं एका जिन्यावर राहून दोन्ही घरं एकमेकांपासून लोणी झाकत होती.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मी अजून काही लिहिलेलं नाही. आणि आम्ही फ्रीज तपासत नसतो, मला खरंच पाणी हवं होतं." मग त्या आजोबांकडे वळल्या. "मला एकच विचारायचंय. अर्जात तीन माणसं आहेत. तुम्ही कुठे जेवता?"

"मी... असाच."

"असाच म्हणजे कुठे?"

आजोबा खाली वाकले, खुर्चीखालचा टोमॅटो त्यांनी उचलला आणि कोटाला पुसला. त्या दिवशी त्यांनी तो जुना काळा कोट घातला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते बराच वेळ तो टोमॅटो पुसत राहिले. त्यांचा चेहरा त्याच रंगाचा झाला होता.

"घरात जेवणारी माणसं चार आहेत," ते म्हणाले. "मीही जेवतो."

बाईंनी पेन पुन्हा उघडलं. "मग मर्यादेत बसता," त्या म्हणाल्या आणि चौथं नाव विचारलं. आजोबांनी ते सांगितलं, हळू, एकेक अक्षर, एखाद्याने दुसऱ्याची तक्रार करावी तसं.

कार्ड आलं. माझ्यात आता दूध असतं, भाजी असते, कोबी आतपर्यंत कोबीच असतो. लाज गेली, असं मात्र मी म्हणणार नाही. ती खालच्या कप्प्यात आहे आणि माझ्यात ठेवलेली वस्तू लवकर खराब होत नाही. आजोबा अजूनही आधी सगळ्यांना वाढतात आणि आपलं ताट घ्यायच्या आधी एकदा घराच्या दाराकडे बघतात.

मित्रांनो, माझं मागणं साधं आहे. दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसत जा. गरम पातेलं आत ढकलू नका. आणि कुणाच्या घरचा फ्रीज उघडा दिसला, तर आत काय आहे ते मोजू नका. जेवणारे किती आहेत ते विचारा. विचारलं की जरा थांबा. ते उत्तर सांगायला माणसाला फार वेळ लागतो.