ताईचा खोकला

एका जिवावर केलेली दया जेव्हा दुसऱ्या जिवाच्या श्वासावर उठते, तेव्हा धर्म कोणत्या बाजूस उभा आहे हे शास्त्रही सांगत नाही. ज्याच्या हातून ते घडायचे, त्याच्यावरच निर्णय सोडते. पुस्तकबांधणी करणाऱ्या एका गृहस्थावर त्याच्या थोरल्या बहिणीपायी असा प्रसंग आला.

ताईने जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि रस्त्यावर टाकलेली मांजरे घरी आणली. कोणी गटारातून, कोणी बंद दुकानाच्या फळीखालून. वीसेक जीव त्या तीन खोल्यांत नांदत होते. शिवणयंत्राच्या पायफळीवर काणी नावाची मांजरी निजे, तर बेतून ठेवलेल्या कापडावर मुनीम नावाचा बोका पाय पसरी. गिऱ्हाइके कपड्यांवरचे केस झटकत कुरकुरत, आणि ताई म्हणे, "अस्तर फुकट लावून दिलंय, वर तक्रार कसली?"

या हिवाळ्यात तिचा दमा विकोपाला गेला. रुग्णालयात नाकाला नळी लागली. डॉक्टरीणबाईंनी भावाला बाजूला घेऊन सांगितले, "घरात एकही मांजर राहिलं, तर त्यांना घरी पाठवता येणार नाही. पुढचा झटका त्यांना सोसणार नाही." भावाने ओळखीपाळखीचे सारे उंबरठे झिजवले. एक-दोन मांजरे घ्यायलाही कोणी राजी होईना. अखेर गावाबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रमाने गाडी धाडण्याचे कबूल केले. ताईला त्याने यातले काहीच सांगितले नव्हते.

गाडीवाला पिंजरे घेऊन आत आला, तेव्हा घर ओस पडले होते.

"काका, मांजरं कुठायत?"

"आत्ता तर इथेच होती."

"मला बघून पळाली वाटतं. घरी बायकोही अशीच करते."

भावाने कपाटाच्या फटीत हात घातला, पलंगाखाली घातला, मनगट रक्ताळले. मासळी मांडली, दूध ठेवले. एक मिशीही दिसेना.

गाडीवाला घड्याळाकडे पाहत म्हणाला, "आज राहिली तर पुढची फेरी महिन्यानं हो."

"म्हाताऱ्या मांजरांचं तिकडे काय होतं?"

"खोटं कशाला बोलू? काही खाणं सोडतात. सगळीच नाही."

भाऊ तिथेच भिंतीला टेकला. महिनाभर ताईला रुग्णालयाच्या खाटेवर ठेवणे शक्य नव्हते. दुसरा उपायच सुचेना, तेव्हा त्याने तिलाच फोन लावला.

"ताई, ती बाहेर येत नाहीयेत."

पलीकडून प्राणवायूच्या नळीचा सुस्कारा ऐकू आला. मग तिने विचारले, "कोण आलंय?"

"आश्रमाची गाडी."

ती रडली नाही. म्हणाली, "पलंगाखाली हात घालू नकोस. मुनीम फाडेल."

"फाडला."

"लहानपणापासून तुला काही धड धरता आलं नाही, बाळ्या." तिला दम लागला, ती थांबली. "खोक."

"काय?"

"सकाळी उठले की आधी माझा खोकला, मग त्यांच्या वाट्या. त्यांच्या लेखी खोकला म्हणजे मी. मला आता तेवढाही दम नाही, नाहीतर इथूनच खोकले असते. तू खोक."

उघड्या पिंजऱ्यांमध्ये जमिनीवर बसून तो खोकला. पहिला खोकला उसना होता. त्याला कोणी भुलले नाही. मग त्याने डोळे मिटले आणि शेजारच्या बिऱ्हाडात राहून भिंतीपलीकडून वर्षानुवर्षे ऐकलेला तो आवाज आठवून काढला: आधी कोरडी ढास, मग छातीच्या तळाशी वाजणारी शीळ. पोट आत ओढून त्याने तो घशात आणला.

कपाटाखालून काणी आली. मागोमाग मुनीम आणि इतर सगळी, शेपट्या उंच करून, वाट्यांच्या आशेने. त्याचे तोंड पाहून ती क्षणभर बावरत, पण आवाज ताईचा होता म्हणून जवळ येत. तो एकेकाला उचलून आत ठेवी. गाडीवाला कड्या लावीत होता.

सर्वांत शेवटी आली डोळे गेलेली म्हातारी मांजरी, आजीबाई. तिने त्याच्या गुडघ्यावर मस्तक टेकले आणि घुरघुरू लागली. तिला उचलतानाही त्याने खोकणे थांबवले नाही. दार लागेपर्यंत तिला कळू नये, म्हणून घसा सोलून निघाला तरी तो खोकतच राहिला.

फोन चालूच होता. "आजीबाई आली?"

"आली."

"तिला पाणी कोमट लागतं. सांग त्यांना."

त्याने सांगितले.

जे मुके जीव त्या आवाजावर विसंबून पिंजऱ्यात शिरले, त्यांना परक्या जागीही ऊब मिळो. ताईचा श्वास तिला परत लाभो, आणि तिच्या धाकट्या भावाला आज रात्री निवांत झोप लागो.