बदलीचा खोकला

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि चार्जर लावताना मला एका बाजूला दाबून धरावं लागतं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझीही पाठ चकचकीत होती. पहिल्या मालकाने मला डोक्यावर घेतलं आणि नवा फोन येताच अडगळीत टाकलं. तिथून पर्वत पाटिया भागातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे आलो आणि त्याच्याकडून एका संशोधनाच्या कामाला लागलो. लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, राबणाऱ्यांच्या छातीत धाग्यांची धूळ किती जाते, हे त्या लोकांना पाहायचं होतं.

मला गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या एका खोलीत भटूच्या हवाली केलं. धुळ्याकडचा भटू दिवसपाळीला, त्याचा गाववाला हेमराज रातपाळीला. पलंग एकच. एक उठला की दुसरा निजायचा, त्यामुळे गादी कधी गार व्हायची नाही. संध्याकाळी सातला दोघं खोलीत भेटायचे, म्हणून भटूने माझी वेळ सातचीच ठरवून घेतली होती. मी विचारायचो, "आज श्वास कसा आहे? माझ्याजवळ खोका." भटू खोकायचा. संशोधनवाली धनश्री फोनवर त्याचं कौतुक करायची, "भटूभाऊ, तुम्ही एक दिवस चुकवत नाही हं."

मग भटूचा श्वास वाजायला लागला. तो सगळ्यांच्या आधी मला ऐकू आला. भटू धास्तावला.

"शेठले समजनं ते मन्ही मशीन जाई," तो हेमराजला म्हणाला. "मन्हा जागावर तू खोक."

लूमवर हे रोजचंच. कुणी गावी गेलं, आजारी पडलं, की ओळखीचा माणूस त्याच्या नावावर बदली उभा राहतो आणि त्याची जागा राखतो. हेमराजला त्यात काही वावगं वाटलं नाही. "तू बठ, मी शे ना," म्हणत तो माझ्यावर वाकला आणि खणखणीत खोकला.

नेमकं त्याच सुमारास अपडेट आलं. धनश्रीने नीट समजावलं, "नवीन अ‍ॅप तुमच्या पहिल्या दिवसांच्या खोकल्यावरून तुमचा आवाज ओळखतं. श्वास बिघडला तर आम्हाला लगेच कळतं, डॉक्टर घरी येतात. शेठला आम्ही काही सांगत नाही. तेवढं अपडेट दाबा."

"हो ताई, दाबतो," भटू म्हणाला. पण आवाज ओळखतं, एवढंच त्याच्या मनात राहिलं. रोज सातला मी सूचना दाखवायचो आणि रोज त्याचं बोट 'नंतर'वर पडायचं. सहभागींना त्रास नको म्हणून मला दिवसातून एकदाच विचारायची मुभा होती. मला ओरडावंसं वाटायचं. पलंगावर भटूची छाती शिट्टीसारखी वाजायची, आणि मी हेमराजचा खोकला पाठवत राहायचो.

भटूला गावी नेलं. तो परत आला नाही. तिकडेच वारला.

हेमराज मात्र सातला माझ्यासमोर बसायचाच. बदली उभी आहे तोवर माणसाची जागा रिकामी होत नाही, असं त्याला वाटत असावं. सकाळी पाळीवरून आला की तो निजण्याआधी गादीवर हात ठेवायचा आणि थबकायचा. रात्रभर खोलीला कुलूप असायचं, तरी गादी गरम असायची.

एका संध्याकाळी धनश्रीचा फोन आला. "भटूभाऊ, सगळ्यांत चांगला श्वास तुमचाच. अपडेट तेवढं राहिलंय." हेमराजला खरं सांगवेना. फोन ठेवून त्याने पहिल्यांदाच 'अपडेट'वर बोट ठेवलं. मी अंधारलो, पुन्हा उजळलो. तो खोकला. माझ्यावर अक्षरं उमटली आणि त्याने ती एकेक जुळवत वाचली. "हा आवाज भटूभाऊंचा नाही. भटूभाऊंना फोनजवळ बोलवा."

हेमराज पलंगाकडे पाहत राहिला.

"भटू," तो हळूच म्हणाला, "तुले बलाई ऱ्हायनात."

मग त्याने स्वतःचा श्वास रोखला. खोलीत काही हललं नाही. तरी माझ्या पडद्यावरची रेघ थरथरली आणि खाली उमटलं, "आवाज जुळला. श्वास फार बिघडला आहे. डॉक्टर निघाले आहेत."

मित्रांनो, कुणाच्या मशीनवर बदली जरूर उभे राहा, पण कुणाच्या दुखण्यावर राहू नका. आणि माझ्यासारखा कुणी रोज तेच तेच विचारत असेल, तर चिडू नका. एकदा नीट वाचा.

आता जिन्यात पावलं वाजताहेत. हेमराज गादीवरची चादर सारखी करतो आहे.